पहिल्या भेटीची कसोटी

मानसिक आरोग्याविषयी मराठीत अलीकडे मोकळेपणाने बोलले जाते ही समाधानाची बाब असली, तरी नवा समुपदेशक कसा निवडावा या प्रश्नापाशी आल्यावर ही चर्चा एकाच सल्ल्यावर थांबते: पहिल्या भेटीत सूर जुळला तर पुढे जावे, नाही तर दुसरा समुपदेशक पाहावा. तज्ज्ञाचा शब्द निमूटपणे मानू नये हा या सल्ल्यामागचा आग्रह रास्त आहे. परंतु सूर जुळणे म्हणजे नेमके काय, हे न विचारताच त्याला कसोटीचे स्थान देणे म्हणजे आधीच गांजलेल्या माणसाला चुकीच्या खुणेमागे धाडणे होय. समुपदेशन हे पाश्चात्त्य खूळ आहे किंवा जिवलग मित्र असला की त्याची गरज उरत नाही, या मतांची दखल घेण्याचे कारण नाही; सूर जुळण्याचे मत मात्र समुपदेशनाच्या बाजूने बोलत असल्यामुळेच अधिक दिशाभूल करते.

पहिल्या भेटीचे स्वरूपच मुळी सुखद संभाषणाचे नसते. पाऊण-एक तासातला बराचसा वेळ झोप, भूक, चालू औषधे, पूर्वीचे उपचार, कुटुंबातील आजार अशा चौकशीत जातो, आणि जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्नही सरळ शब्दांत विचारला जातो. आधी एका समुपदेशकाकडे जाऊन आलेल्या व्यक्तीला तर सारी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा शीण येतो. बोललेले कुठेही फुटणार नाही ही हमी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेच्या हक्काच्या रूपाने दिलेली असली, तरी जिवाला धोका असल्यास तिला अपवाद आहेत, आणि जबाबदार समुपदेशक ते आरंभीच स्पष्ट करतो. असे अपवाद ऐकून कोणी अवघडला, तर तो दोष कोणाचाच नव्हे.

सूर जुळण्याचे समर्थक यावर मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचा दाखला देतील. आस्था, सहानुभाव आणि सच्चेपणा या समुपदेशकाच्या गुणांना रॉजर्सने १९५७ साली बदलाच्या आवश्यक अटींमध्ये स्थान दिले, आणि ते गुण समोरच्याला काही अंशी तरी जाणवले पाहिजेत असेही म्हटले, हे खरे आहे. मात्र ते पहिल्याच तासात जाणवावेत असे त्यातून निघत नाही. सुरुवातीच्या काही भेटींतील नात्याचा उपचाराच्या फलिताशी संबंध असल्याचे संशोधनात वारंवार आढळले आहे, हा या समर्थकांचा दुसरा आणि अधिक भक्कम आधार. पण त्या संशोधनात नाते म्हणजे काय मोजले जाते? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली मांडलेल्या आणि पुढे सर्वमान्य झालेल्या कल्पनेनुसार उपचारातील सहयोगाची तीन अंगे आहेत: कशासाठी यायचे याविषयी एकमत, त्यासाठी काय करायचे याविषयी एकमत आणि परस्परांविषयीचा विश्वास. यांपैकी पहिली दोन अंगे बोलून, प्रश्न विचारून, कधी हुज्जत घालून ठरवावी लागतात. सूर जुळण्याचा सल्ला ती गाळतो आणि तिसऱ्याचाही अर्थ केवळ बरे वाटण्यापुरता आकसून टाकतो. शिवाय बरे वाटणे फसवे असू शकते, कारण प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा समुपदेशक पहिल्या दिवशी सर्वांत आवडता ठरण्याचा संभव असतो.

म्हणून पहिल्या भेटीत अस्वस्थता वाटली की नाही, हा प्रश्न दुय्यम मानावा. ती अस्वस्थता समुपदेशकाला सांगता येण्याजोगी आहे की नाही, हा प्रश्न निर्णायक मानावा. समजा, आईशी झालेल्या भांडणाविषयी बोलताना समोरचे पेन कागदावर भराभर चालू लागले आणि बोलणाऱ्याचा घसा कोरडा पडला. ‘मॅडम, तुम्ही काय लिहिताय?’ एवढे विचारता आले, आणि काय लिहिले, ते कशासाठी, ते कोणाच्या हाती पडू शकते याचे सरळ उत्तर मिळाले, तर त्या अवघडलेपणातूनच कामाला आरंभ झाला. याउलट प्रश्न उडवून लावला गेला, तो हसण्यावारी नेला गेला किंवा विचारणाऱ्यालाच संशयी ठरवले गेले, तर खोलीतले वातावरण कितीही प्रसन्न असो, तिथे पुन्हा जाण्याचे कारण नाही. सहयोगात पडणाऱ्या भेगा आणि त्या सांधण्याची प्रक्रिया यांचा जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यासही हेच सुचवतो की, नात्यात तणाव येणे अटळ असून तो उघड बोलून सांधण्यालाच उपचारमूल्य आहे.

अर्थात लगट, जातीवरून किंवा लैंगिकतेवरून अवहेलना, गुपिताचा भंग अशा गोष्टी घडल्यास कोणतीही चर्चा न करता तत्काळ निघून जावे. सांगण्याचे धैर्य हा रुग्णावर लादलेला आणखी एक भारही होता कामा नये. काहींना ते चौथ्या-पाचव्या भेटीत येते, आणि तोवर वाट मोकळी ठेवणे, ‘आज काही खटकले का?’ असे आपण होऊन विचारणे, हे समुपदेशकाचे कर्तव्य आहे. पण ज्या समाजात वडीलधाऱ्यांपुढे आणि डॉक्टरांपुढे नापसंती बोलून दाखवणे उद्धटपणाचे मानले जाते, तिथे न आवडलेल्या समुपदेशकाला न सांगता सोडून देण्याची शिकवण जुन्या मौनालाच निवडस्वातंत्र्याचे नाव देते. नव्या समुपदेशकाकडून पहिली अपेक्षा धरायची ती आवडण्याची नव्हे. त्याच्यापुढे नापसंती बोलता येईल आणि ती ऐकून घेतली जाईल, याची.