नदीचा वाटा

फराक्का बंधाऱ्यावर दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मे या काळात गंगेचा हिशेब दहा-दहा दिवसांनी मांडला जातो. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असला तर भारत आणि बांगलादेश यांना निम्मे-निम्मे. ७५ हजारांवर गेला तर भारताला ४० हजार, उरलेले बांगलादेशाला. ११ मार्च ते १० मे हा टंचाईचा काळ. त्यात आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची पाळी लागते तशी ३५ हजार क्युसेकची हमी आलटून पालटून एकेका देशाला मिळते. डिसेंबर १९९६मध्ये तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सह्या केलेल्या या वाटपाच्या कराराची मुदत तीस वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६पर्यंतची.

हुगळीतला गाळ लोटून कोलकाता बंदर जगवावे म्हणून १९७५ला बंधारा सुरू झाला. पुढच्याच वर्षी बांगलादेशी नेते मौलाना भाशानींनी फराक्काच्या दिशेने प्रचंड मोर्चा काढला आणि ढाक्याने हा तंटा संयुक्त राष्ट्रांत नेला. इतक्या कडवटपणानंतर दोन्हीकडचे अभियंते फराक्का आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी मिळून पाणी मोजतात, याचे मोल मोठे आहे.

पण मोजले जाते ते फराक्कापर्यंत पोचलेले पाणी. वर उत्तर प्रदेश-बिहारात किती उपसले, याला करारात बंधन नाही. १९४९ ते १९८८ची सरासरी टिकवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, एवढेच म्हटले आहे. प्रवाह ५० हजारांखाली गेला तर तातडीने चर्चा. दोन्ही देशांच्या १९७७च्या करारात प्रवाह असा घटला तरी किमान वाट्याची हमी होती, ती इथे गळली. आणि खुद्द नदीच्या नावावर तर एक थेंबही नाही. बांगलादेशात गंगेचा फाटा असलेल्या गोराईचे मुख उन्हाळ्यात वाळूने बुजते, खुलन्याकडे खारे पाणी आत शिरते. एकेकाळी अलाहाबादपर्यंत चढणारी हिल्सा मासळी बंधाऱ्याशी अडते. या नुकसानीला वाटपाच्या कोष्टकात रकानाच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९७च्या जलप्रवाह करारात न्याय्य वापर आणि शेजाऱ्याची हानी टाळणे यांबरोबर नदीच्या परिसंस्थेचे रक्षणही आहे. मतदानात भारत तटस्थ राहिला, चीनने विरोध केला. मला ही तटस्थता आपल्याच हिताची वाटत नाही. ब्रह्मपुत्रेवर आपण खालच्या अंगाला आहोत, आणि जुलै २०२५मध्ये चीनने तिच्याच वरच्या प्रवाहावर, यारलुंग सांगपोवर, महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. तिथे जे मागायचे, ते गंगेवर बांगलादेशाला नाकारून कसे चालेल?

नव्या करारात आधी नदीचे पाणी बाजूला काढावे आणि मग उरलेले वाटावे. हे अशक्य नाही. पाण्यासाठी इतकी भांडणे झालेल्या कावेरीतही लवादाने २००७मध्ये पर्यावरणासाठी १० टीएमसी राखून ठेवले होते.