सशाचें काळीज

भित्र्या मनुष्याचें काळीज सशाचें, असें आपण म्हणतों. काळीज म्हणजे यकृतही. आणि या अर्थानें सशाचें काळीज हा मनुष्याच्या नीतीचा प्रश्न होऊन बसतो.

१६७४ सालीं डच संशोधक लेवेनहूक यास सशाच्या पित्तांत अंडाकृति कण दिसले. ते ‘आयमेरिया स्टीडी’ या परोपजीवी जंतूचे कोश असावेत, असें शास्त्रज्ञ मानतात. हा जंतु पित्तनलिकांत वाढतो. यकृत फुगतें, त्यावर पांढरट गांठी उठतात आणि कोवळीं पिल्लें खंगून मरतात.

परंतु विष्ठेंतून पडलेला कोश तत्काळ बाधत नाहीं. त्यास ओलावा, ऊब आणि कांहीं दिवसांचा अवधि लागतो. यवतमाळ जिल्ह्यांत टिपेश्वरच्या रानांतील ससा निराळ्या जातीचा. पण तो मोकळ्या माळावर चरत पुढें जातो आणि त्याच्या लेंड्या मागें उन्हांत वाळतात. युरोपांतून आलेल्या पाळीव सशास हें शक्य नाहीं. पावसाळ्यांतील कोंदट, दाटीच्या पिंजऱ्यांत चारा व लेंड्या एकत्र होतात, आणि कोशास हवें तें सर्व आयतें मिळतें. जंतु निसर्गानें दिला. त्याची सोय आपण केली.

कपाशीच्या बेभरंवशाच्या पिकावर जगणाऱ्या शेतकऱ्यानें जोडधंदा म्हणून ससे पाळले, तर त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. जाळीचा तळ, कोरडी जागा, नित्य सफाई हे उपाय त्याच्याही लाभाचेच आहेत. मग येथें नीतीचें काम काय? काम आहे. सौम्य बाधेंत ससा मरत नाहीं. पुष्कळदां बाह्य लक्षणही दिसत नाहीं. सौदा पुरा होतो आणि विकृति सुरी लागल्यावर उघडी पडते. तेथें लाभ मुका होतो. बोलावयाचें तें कर्तव्यानेंच.

‘मारावयाचाच प्राणी, मग त्याच्या दुखण्याची चिंता कशाला?’ असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, मरण क्षणाचें असतें, कोंडणें जन्माचें. ज्याचें घाणीपासून दूर जाण्याचें स्वातंत्र्य आपण हिरावलें, त्याची घाण दूर करणें ही दया नव्हे, तें ऋण आहे. आणि स्वस्त मांस मागणारें गिऱ्हाईकही त्या ऋणाचें भागीदार आहे. सफाईचे श्रम किंमतींत धरूं न देणारा मनुष्य पिंजरा न बांधतांही तो बांधतच असतो.