तिसऱ्यांदा बांधलेला पूल

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मॅडिसन काउंटीत एकेकाळी छप्पर घातलेले 19 लाकडी पूल होते. आज सहा उरले आहेत आणि ते पाहायला लांबून लोक येतात. त्यांतल्या सीडर पुलाशी आल्यावर मात्र मनात शंका येणे साहजिक आहे. 1883 साली बेंटन जोन्सने बांधलेला हा पूल 2002 मध्ये जाळपोळीत गेला. 2004 मध्ये जुन्या आराखड्याबरहुकूम तो पुन्हा उभा राहिला. 2017 मध्ये किशोरवयीन मुलांनी तो पुन्हा पेटवला आणि 2019 मध्ये तो तिसऱ्यांदा बांधून झाला. ज्याचे लाकूड एकविसाव्या शतकातले, त्याला ऐतिहासिक कसे म्हणायचे? माझ्या मते म्हणायला हवे, आणि त्याचे कारण या पुलांच्या घडणीतच आहे.

पुलांवर छप्पर आले ते हौसेने नव्हे. तळाची जाड लाकडे महाग असत. ऊन, पाऊस आणि बर्फाने ती कुजली की बदलण्याचा खर्च मोठा, त्यामानाने बाजूच्या फळ्या आणि छपराचे लाकूड स्वस्त. म्हणून काउंटीच्या कारभाऱ्यांनी पूल झाकून घेतले. म्हणजे वरचे आवरण झिजणार, बदलावे लागणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत होते. आतली रचनाही तशीच. इथिएल टाउन याने 1820 साली पेटंट घेतलेल्या जाळीच्या पद्धतीत फळ्या तिरप्या, एकमेकींना छेद देत उभ्या राहतात आणि जिथे दोन फळ्या भेटतात तिथे आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकलेली असते. त्यासाठी प्रचंड तुळई लागत नाही. गिरणीत कापलेल्या फळ्या आणि नेटका सुतार पुरतो. मूळ जागेचाही फार आग्रह नव्हता. 1870 चा आइम्स पूल दोनदा हलवला गेला आणि खुद्द सीडर पूल 1921 मध्ये दुसरीकडे नेला गेला. ज्या वास्तूंचे सारे आयुष्य दुरुस्तीत आणि स्थलांतरात गेले, त्यांना आज अस्सल लाकडाच्या वयाची अट घालणे हा त्यांच्याच इतिहासाचा विपर्यास आहे.

यावर कुणी म्हणेल, मग सिनेमाचा सेटही वारसा ठरेल. तसे होत नाही, कारण कसोटी सोपी नाही: तोच आराखडा, तेच जोडकाम, तेच काम. सहा पुलांपैकी ज्यातून आजही मोटार नेता येते तो एकच, हा नवा सीडर. विंटरसेटच्या उद्यानात 1970 मध्ये आणून ठेवलेल्या कटलर-डोनाहो पुलाचा जन्म 1870 चा, पण त्यावरून आता कुठलाही रस्ता जात नाही. दोघांत अधिक ‘पूल’ कोण, याचे उत्तर मला तरी अवघड वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुने लाकूड हा पुरावा असतो. करवतीच्या खुणा, खुंट्यांची झीज, एखाद्या सुताराची लकब नव्या फळीत येत नाही. जळाले ते कायमचे गेले, हे निखळ सत्य आहे. म्हणूनच सीडरवर 1883 इतक्याच ठळकपणे 2019 लिहिलेले असावे. ज्याला सुतारकाम वाचायचे आहे त्याने नॉर्थ नदीवर मूळ जागीच उभा असलेला 1884 चा हॉगबॅक पूल आधी पाहावा.

राहता राहिला प्रसिद्धीचा मुद्दा. मॅकब्राइड पूल 1983 मध्ये जाळपोळीत नष्ट झाला, तो कुणी उभारला नाही. 1992 मध्ये रॉबर्ट जेम्स वॉलरची ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ ही कादंबरी आली, 1995 मध्ये क्लिंट ईस्टवूडचा चित्रपट आला, आणि त्यानंतर जळालेला सीडर मात्र दोनदा बांधला गेला. कादंबरीने आणलेल्या लौकिकाचा यात वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खंत करायचीच तर ती सीडर बांधल्याची नव्हे, मॅकब्राइड न बांधल्याची करावी. सीडर परत आला तो आराखडा हाती होता आणि तो वाचू शकणारे सुतार होते म्हणून. उरलेल्या पाच पुलांच्या राखणीइतकेच त्यांच्या जोडकामाचे बारीक मोजमाप करून ठेवणे निकडीचे आहे, आणि ते लाकूड जागेवर आहे तोवरच करता येईल.