शौच आणि विटाळ: केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या शुश्रूषेचा धर्मविचार

आजाऱ्याजवळ किती जावे आणि त्याच्यापासून किती दूर राहावे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसत असला तरी भारतीय समाजात त्याची मुळे धर्मविचारात आहेत, कारण स्पर्शाच्या मर्यादा येथे शतकानुशतके शुद्धाशुद्धाच्या कल्पनेनेच ठरवल्या गेल्या. केमोथेरपी, म्हणजे वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणाऱ्या औषधांचा उपचार, घेणाऱ्या कर्करुग्णाच्या सेवेत हा प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि तेथे त्याचे उत्तर चुकल्यास रुग्णाचा जीव जाऊ शकतो. शौच आणि विटाळ या दोन कल्पना परंपरेत एकमेकींत मिसळून गेल्या असल्या तरी त्या मुळात परस्परविरोधी आहेत, हे या शुश्रूषेइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसत असेल.

परंपरेतील दोन ग्रंथ येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांपैकी परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या आणि इतर भिक्षूंनी वाऱ्यावर सोडलेल्या एका भिक्षूला बुद्धांनी आनंद या शिष्याच्या साहाय्याने स्वतः स्नान घालून अंथरुणावर निजवले, आणि आपली सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघाला सांगितले. तेथेही शुश्रूषकाचे गुण दिले आहेत, आणि मल, मूत्र, थुंकी व वांती उचलताना किळस न वाटणे हा त्यांतील एक आहे. चरकाचे शौच आणि बुद्धांचे हे किळस न मानणे एकत्र वाचले की परिचारकाची स्वच्छता कोणासाठी असते हे कळते. ती परिचारकाचे पावित्र्य राखण्यासाठी नसून रुग्णाच्या रक्षणासाठी असते.

विटाळाची दिशा याच्या उलट आहे, कारण विटाळ मानणारा मनुष्य दुसऱ्यापासून स्वतःला वाचवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडच्या परिसराला या भेदाचा अनुभव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या आणि अनेक जणी दलित वस्त्यांतून आलेल्या होत्या. बाळंतिणीला किंवा तान्ह्या मुलाला हात लावण्याचा अधिकार ज्यांना गावाने कधी दिला नव्हता, त्यांच्याच हातून गावाची शुश्रूषा होऊ लागली. महारोग्यांना गावाबाहेर न काढता घरीच औषध मिळावे, ही प्रकल्पाची भूमिकाही त्याच विचारातून आली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक हे काम पाहण्यासाठी जामखेडला आले. तथापि या कामाची तात्त्विक बाजू, म्हणजे स्पर्शाचा अधिकार जन्माने मिळत नसून ज्ञानाने आणि मायेने मिळतो हा सिद्धांत, मराठी चिंतनात पुरेसा मांडला गेलेला नाही.

केमोथेरपीत या सिद्धांताची कसोटी लागते. ही औषधे कर्कपेशींबरोबरच अस्थिमज्जा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे यांतील वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही मारतात. अस्थिमज्जा म्हणजे हाडांतील रक्त तयार करणारा मगज. तो दबला की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या सर्वांत कमी होतात. अनेक औषधांची फेरी एकवीस दिवसांची असते, म्हणून हे सर्वाधिक धोक्याचे दिवस रुग्णालयात न जाता घरीच जातात. रुग्णालयातील परिचारिका सलाईन चालू असताना सुईच्या जागेवर लक्ष ठेवते, कारण डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर झिरपल्यास मांस जळते. सिसप्लाटिन देताना मूत्रपिंडे वाचवण्यासाठी ती शिरेतून भरपूर द्रव देते. मात्र नवव्या दिवशीच्या रात्री रुग्णाजवळ असतात त्या सून, लेक किंवा बायको, आणि चरकाच्या अर्थाने खऱ्या परिचारक त्याच ठरतात.

या दिवसांत रुग्णाभोवती एक प्रकारचे सोवळे पाळावेच लागते. जवळ येणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, सर्दी-खोकला असणाऱ्याने दूर राहावे, पाणी उकळून गार केलेले असावे आणि अन्न ताजे व गरम असावे. भेटीला येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी टाळावी लागते, देवाचे तीर्थ आणि उघड्यावरचा प्रसाद रुग्णाच्या तोंडी देता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे जुन्या शिवाशिवीसारखे भासते आणि रुग्णालाही आपल्याला वाळीत टाकल्याचे दुःख होते. म्हणून घरच्यांनी त्याला कारण समजावून सांगणे हा शुश्रूषेचाच भाग आहे: येथे रुग्ण अपवित्र नसतो, त्याला धोका असतो तो निरोगी माणसांच्या हातांचा आणि श्वासाचा. याउलट औषधानंतर साधारण अठ्ठेचाळीस तास रुग्णाच्या मलमूत्रात व वांतीत औषधाचे अंश उतरतात, तेव्हा सेवा करणाऱ्याने हातमोजे घालावेत. मोजा घातलेला हातही जवळच येतो, आणि त्यात किळस नसते. तोंड आलेल्या रुग्णाचे तोंड मिठाच्या कोमट पाण्याने वारंवार धुऊन देणे, मऊ भात भरवणे, वांतीचे भांडे उचलणे ही कामे महावग्गातील त्या प्रसंगाहून वेगळी नाहीत.

केस गळण्याकडे वैद्यक किरकोळ गोष्ट म्हणून पाहते, कारण उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात. परंतु ज्या समाजात केशवपनाने विधवेच्या डोक्यावर अशुभाचा शिक्का मारला, तेथे स्त्रीचे उघडे डोके अजूनही निव्वळ उघडे डोके मानले जात नाही. हळदीकुंकवाला आपल्याला बोलावतील का, हा तिच्या मनातला प्रश्न तापाइतकाच खरा आहे. हे भोग आहेत, मागच्या जन्मीचे फेडावे लागते, असे समजूत घालण्याच्या भावनेने बोलणारेही तिचा भार वाढवतात. कर्मसिद्धांताने दुःखाचे कारण सांगितले असेलही, परंतु दुःखितापासून हात आवरण्याची परवानगी त्याने कोणालाही दिलेली नाही. ज्याचे कर्म त्यालाच भोगू द्यावे असे म्हणणारा स्वतःच्या कर्माचा विचार करत नाही, कारण समोरच्या आजाऱ्याशी आपण कसे वागलो हेही कर्मच असते.

जामखेडलगतचे भूम आणि परांडा हे तालुके बार्शीच्या ज्या कर्करोग नोंदणीत येतात, ती १९८७ साली सुरू झालेली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय. म्हणजे हा आजार खेड्यांतही आहे, ही गोष्ट या भागाला जवळजवळ चार दशके ठाऊक आहे. उपचारासाठी माणसे बार्शी, अहिल्यानगर, पुणे वा मुंबई गाठतात आणि औषध घेऊन गावी परततात. अशा घरात तापमापक असावा, आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, तर अंगारा, नवस वा सकाळ यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच रात्री रुग्णाला रुग्णालयात न्यावे.