कोऱ्या रकान्याची किंमत

नारपोलीच्या यंत्रमागावर राबणारा एखादा मजूर आयुष्याचा विमा उतरावयास निघाला, म्हणजे पहिली अडचण बहुधा वयाची येते. पोटासाठीं भिवंडीस आलेल्या कित्येकांचा जन्म दूरच्या खेड्यांत, कोणत्याहि नोंदीवांचून झालेला असतो. शिधापत्रिकेवरील वय हा दुय्यम पुरावा ठरतो, आणि त्यापायीं कधीं जादा हप्ता पडतो, तर कधीं विम्याच्या रकमेस मर्यादा. जें ठाऊकच नाहीं त्याची किंमत मनुष्यानें द्यावी काय?

विमा कंपनीची बाजू अगदींच लंगडी नाहीं. विम्याचा निधि सर्व विमेदारांचा असतो. रकाना कोरा ठेवणें फुकट ठरलें, तर आजार लपवूं इच्छिणारा प्रथम तेंच करील व त्याचा भार प्रामाणिकांवर पडेल. परंतु मौन दोन प्रकारचें असतें: एक लपविणाऱ्याचें, दुसरें ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं त्याचें. हिशेबाच्या वहींत दोन्ही सारखींच दिसतात. नीतीच्या वहींत तीं एक नव्हत.

कायद्याचा न्याय येथें विचित्र दिसतो. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमांत २०१५ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याहि कारणानें आक्षेप घेतां येत नाहीं. वयाचा पुरावा मात्र, करारानें तसा हक्क राखला असल्यास, कंपनी केव्हांहि मागूं शकते. म्हणजे लपविणाऱ्यास तीन वर्षांनीं अभय, आणि अजाणत्याच्या मागें संशय जन्मभर!

अज्ञानाचा दंड आपल्याकडे नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत परकी कंपन्या एतद्देशीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० सालीं मुंबईंत निघालेल्या बाँबे म्युच्युअल संस्थेनें त्यांचे विमे सर्वसाधारण दरानें उतरविले. १८७४ सालीं तेथेंच निघालेल्या ओरिएंटल कंपनीच्या १९२५ ते १९३५ या काळांतील अनुभवावरून पुढें देशी विमेदारांच्या मृत्युमानाचें कोष्टक तयार झालें. कोरा रकाना भीतीनें भरला नाहीं, मोजणीनें भरला. आणि मोजण्यासाठीं त्या माणसांना आधीं दारांतून आंत घ्यावें लागलें.

जाणून लपविणाऱ्यास दंड अवश्य असावा. परंतु जन्माची नोंद ठेवणें हें समाजाचें काम. तें न झाल्याचा भुर्दंड एकट्या मजुरावर कां? वयाचा अदमास वैद्याकडून घेऊन उरलेला धोका निधीनें सोसावा. शेवटीं विमा म्हणजे तरी काय? एकाचें ओझें अनेकांनीं वांटून घेणेंच ना!