पाच मासक आणि पाच हजार रुपये

जे दिलेले नाही ते घेणार नाही, हे पंचशीलातील दुसरे शील आपण सारेच ग्रहण करतो. १९५६ साली नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. या शीलात वस्तूची किंमत कोठेही सांगितलेली नाही. कायद्यात मात्र ती आता आली आहे. तिच्यामुळे काय घडते, हे सायकलीसारख्या साध्या वस्तूवरून पाहावे.

कसबा पेठेचे उदाहरण घेऊ. पुण्यातील ही सर्वांत जुनी पेठ. अरुंद बोळ, तांबट आळी, कुंभारवाडा, जुने वाडे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज रस्ते स्कूटर-मोटारींनी भरले असले तरी पेपर टाकणारा मुलगा किंवा पहाटे कामावर निघालेला कष्टकरी अजून सायकलीवर दिसतो. सायकलीला मोटारीसारखी सरकारी नोंदणी नाही. मालकी दाखवायची ती दुकानाच्या बिलावरून आणि फ्रेमवर ठोकलेल्या नंबरावरून. चौथ्या हाताने सायकल घेणाऱ्याजवळ बिल कोठले?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला, कलम ३७९ खाली, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. राहत्या घरातून चोरी झाली तर कलम ३८० खाली सात वर्षांपर्यंत. म्हणजे बोळातून नेलेली सायकल आणि वाड्यात शिरून जिन्याखालून नेलेली सायकल यांत कायदा फरक करीत होता. नवी आणि जुनी यांत करीत नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. घरातील चोरीची सात वर्षे तिने ठेवली. साध्या चोरीबाबत मात्र कलम ३०३ मध्ये नवी तरतूद आली : माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी.

ही तरतूद चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोटासाठी प्रथमच चुकलेल्या पोराला तुरुंगात धाडून समाजाला काय मिळते? कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित हेच सांगतो, की दंडाने चोर संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे.

परंतु त्याच वेळी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र ठरविली. पोलिसांनी तक्रार लिहून घ्यायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. त्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. आता पन्नास हजारांची गिअरची सायकल गेली तर पोलीस तपासाला लागतील. दोन हजारांची जुनी सायकल गेली, जिच्यावर एका घराची रोजी चालते, तर त्या माणसाने एक दिवसाची मजुरी बुडवून कोर्टाची पायरी चढावी! बाजारभावाने ही चोरी लहान. ज्याची गेली त्याच्या घरी ती लहान आहे काय?

कोणी म्हणेल, किमतीची मर्यादा विनयातही आहे. आहे खरी. ती कशी आली ते पाहण्यासारखे आहे. धनिय नावाचा कुंभाराचा मुलगा भिक्खू झाला होता. त्याने राजगृहात राजाच्या राखीव लाकडांतून कुटीसाठी लाकूड नेले. राखणदाराला सांगितले, हे राजाने दिले आहे. बिंबिसाराने विचारले, कधी दिले? धनियाने राज्याभिषेकाच्या वेळची घोषणा पुढे केली, की श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड, पाणी दिले आहे. ती घोषणा रानातल्या बेवारशी वस्तूंपुरती होती. राजाने भिक्खूच्या वेषाकडे पाहून त्याला सोडले. तथागतांनी मात्र विषय तेथे संपविला नाही. पूर्वी न्यायखात्यात असलेल्या एका भिक्खूला त्यांनी विचारले, किती चोरीला राजा शिक्षा करतो? उत्तर आले, एक पाद. म्हणजे तेव्हाचे पाच मासक. तीच मर्यादा पाराजिकाला, म्हणजे संघातून कायमचे बाहेर पडण्याला, लागू झाली.

पण पाच मासकांखाली काय? तेथे दोष संपत नाही. त्याला थुल्लच्चय आणि दुक्कट अशी नावे आहेत. एका मासकाची चोरीही विचारात घेतली जाते, तिची कबुली द्यावी लागते. मर्यादेने शिक्षेची पायरी ठरते, चौकशीचे दार बंद होत नाही. आपल्या नव्या कायद्याने शिक्षा हलकी केली हे योग्य. तपासही हलका केला हे अयोग्य.

तपास थांबला की वस्तीच तपास करू लागते, आणि मग काठी कोणाच्या पाठीवर पडते हे आपल्याला कोणी सांगायला नको. भंगार वेचणारा पोरगा, पारध्याचा पोरगा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून चोर ठरविले होते. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. संशय रद्द झाला नाही.

राहिला घेणाऱ्याचा प्रश्न. शेजारच्या मंगळवार पेठेत जुना बाजार वर्षानुवर्षे भरत आला आहे. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही, तेथे प्रामाणिक विक्रेतेही आहेत. परंतु चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो घेतला, तर कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तेथे पाच हजारांची सवलत नाही. चोराला समाजसेवा आणि गिऱ्हाइकाला तुरुंग, असेही घडू शकेल. कुलूप तुटलेले, भाव निम्म्याहून खाली, विकणारा नाव सांगत नाही. आणि आपण म्हणतो, मी तर पैसे मोजले. धनियही म्हणालाच होता, राजाने दिले. सायकल घेताना विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि फ्रेमचा नंबर लिहून त्याची सही घ्यावी. सही देत नसेल तर मुलाला आणखी महिनाभर शाळेत पायी जाऊ द्यावे.