आधीच दिलेले रक्त

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि पुलगावही आहे. एका गावी १९३६ पासून गांधीजींनी अहिंसेची साधना केली; दुसऱ्या गावी सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार उभे आहे. ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्या भांडारात आग भडकली. दोन लष्करी अधिकारी आणि अनेक अग्निशामक कर्मचारी प्राणांस मुकले. कित्येक जखमी झाले.

अशा वेळी मनात एक अवघड प्रश्न उभा राहतो. युद्धाला पाप मानणाऱ्याने सैनिकासाठी रक्त द्यावे काय? बरा झालेला सैनिक पुन्हा शस्त्रच हाती घेणार ना? गांधीजींनी १९०० साली स्पायन कॉपच्या लढाईत जखमींच्या डोल्या वाहिल्या होत्या. तरीही, जखमींची केवळ शुश्रूषा करणाराही युद्धाच्या दोषातून मुक्त होत नाही, असे त्यांनी पुढे आत्मकथेत मान्य केले. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही.

परंतु रणांगणावरील परिचारक काय करतो ते पाहावे. तो प्रथम वाहते रक्त थांबवितो, हातापायाला पट्टा आवळतो. मग रक्त चढवावे लागते; गट तपासण्यास सवड नसेल तर 'ओ निगेटिव्ह'. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरतो. शत्रूची जखम अधिक गंभीर असेल, तर आधी शत्रू.

त्या घटकेला रक्त येते कोठून? कोणीतरी ते आधीच दिलेले असते. दुर्घटनेनंतर रक्तपेढीपुढे रांगा लागतात, हे चांगलेच. पण ते रक्त तपासून होईपर्यंत पहिल्या जखमीची वेळ टळलेली असते. शिवाय तांबड्या पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडेच टिकतात. गतवर्षीचे औदार्य आज कामी येत नाही.

पिशवीवर रक्ताचा गट असतो, तारीख असते; घेणाऱ्याची पात्रता मात्र लिहिलेली नसते. सैनिक असो, मजूर असो वा शत्रू, निवड करण्याची संधीच दात्याला मिळत नाही. आम्हांस वाटते, या दानाचे पावित्र्य नेमके येथेच आहे. त्यातून युद्धाचे समर्थन होत नाही. फक्त एका माणसाचे मरण टळते.

चांगल्या शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्याचे कुळ विचारले नाही, हे आपण नेहमी ऐकतो. तेल आणि द्राक्षारस मात्र त्याच्यापाशी आधीपासूनच होते, हे आपल्या ध्यानी येत नाही.